मी काहीच खात नव्हते

पथ्य पाळूनही जिची साखर उतरत नाही, आणि जिला घरचेदारचे सगळे फिरून फिरून एकच प्रश्न विचारतात, त्या बाईसाठी मी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. लातूरला गोलाईच्या मागच्या गल्लीत आमचं भांड्यांचं दुकान आहे, आणि माझं शिक्षण बारावीपर्यंतचं. जे झालं तेवढं सांगते.

तहान

पाऊस गेल्याचं ते दुसरं वर्ष होतं. नळ कधी येईल याचा भरवसा नव्हता, टँकरची वाट बघायची, आणि पुढं तर शहराला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आमच्या दुकानात स्टीलचे डबे धूळ खात पडले आणि प्लास्टिकची टिपाडं मात्र उतरवायच्या आधीच संपत होती.

अशा वर्षी एखाद्या बाईला जास्त तहान लागते, हे कोणाच्या ध्यानात येणार? सगळ्या गावालाच तहान लागलेली. तांब्याभर पाणी पिऊन तांब्या खाली ठेवेपर्यंत माझी जीभ पुन्हा टाळूला चिकटायची. त्यात सारखं लघवीला जावं लागायचं, आणि प्रत्येक वेळी बादलीतलं पाणी जायचं. माझी मुलगी पूजा तेव्हा कॉलेजात होती. ती एकदा म्हणाली, आई, टिपाड परवापर्यंत पुरवायचंय. रागानं नाही म्हणाली, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून मी कोणी बघत नसताना पाणी प्यायला लागले. स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहायची, घटाघटा प्यायची आणि पदरानं तोंड पुसून बाहेर यायची.

ते पाणी लपवणं पुढं मला लई महागात पडलं.

मशीन

माझे यजमान विश्वनाथप्पा यांना आधीपासून साखर होती, म्हणून बोटातून रक्त काढून तपासायचं मशीन घरात होतं. एका सकाळी स्वतःचं बघून झाल्यावर ते सहज म्हणाले, आण तुझं बी बोट. मशीनवर चारशेच्या वर आकडा आला. मशीन बिघडलं असेल म्हणून त्यांनी पुन्हा स्वतःचं बोट टोचलं. त्यांचा आकडा नेहमीसारखाच होता. मग माझं दुसरं बोट. पुन्हा चारशेच्या वर.

दवाखान्यात गर्दी होती. चाळिशी उलटली की होतं हे, आता काय घरोघरी आहे, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. माझ्या अंगावर मांस असं कधी नव्हतंच. लग्नातल्या चोळ्या मला तेव्हाही बसत होत्या. पण याकडं कोणी बघितलं नाही, आणि हे बघायचं असतं हे मलाही माहीत नव्हतं.

घरी आल्यावर यजमानांनी मला धीर दिला. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कोणी त्यांना वाईट माणूस ठरवू नये. वर्षभरापूर्वी ते फोनवरच्या एका पथ्याच्या ग्रुपमध्ये गेले होते. भाकरी, पोळी, भात, साखर, गूळ, बटाटा सगळं बंद. पालेभाज्या, पनीर, शेंगदाणे, ताक, थोडी उसळ. त्यांचं सुटलेलं पोट आत गेलं, डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, साखर नीट झाली. दुकानात घागर बांधून देता देता ते गिऱ्हाइकाला पथ्य समजावून सांगायचे.

"माझी उतरली न्हवं? मग तुझी काहून उतरणार न्हाई?" ते म्हणाले. मलाही ते पटलं.

पथ्य

पहिल्या महिन्यात आकडा खाली आला. चारशेवरून अडीचशेवर आला तेव्हा यजमानांनी ग्रुपवर टाकलं, आणि अनोळखी माणसांनी माझं अभिनंदन केलं. मी हुरूपानं आणखी कडक झाले. त्या दिवसांत बाजारात भाजी म्हणजे सुकलेल्या जुड्या, त्याही महाग. आम्ही लिंगायत, घरात अंडं चालत नाही. मग रोज तेच पनीर, तेच शेंगदाणे, तोच दुधी. पूजासाठी भाकरी थापायची, तव्यावरून उतरताना तिचा वास नाकात जायचा, आणि मी तोंड फिरवून दुधीच्या फोडी चावत बसायची.

मग आकडा पुन्हा चढायला लागला. अडीचशेचे तीनशे झाले. खाणं तेच, उलट कमीच, गोळ्याही चालूच.

वजन मात्र उतरत होतं. उदगीरला यजमानांच्या चुलतभावाच्या घरी लग्न होतं. तिथं जावा-नणंदांनी मला घेरलं, किती बारीक झालात, काय खाता आम्हालाही सांगा म्हणाल्या. मांडवात पुरुष मंडळी उदगीर आता वेगळा जिल्हा होणार, कलेक्टर कचेरी कुठं येणार, यावर तावातावानं बोलत होती. मी निलंग्याची. लातूरचा नवा जिल्हा झाला तेव्हा मी शाळेत होते, आणि आमच्याही घरी तेव्हा अशाच गप्पा चालायच्या. मला त्या ऐकायला आवडलं असतं. पण अक्षता पडेपर्यंत मला उभं राहवलं नाही, मागं भिंतीला टेकून खुर्चीत बसले. सगळ्यांना मी बारीक दिसत होते. मी वाळत चालले होते हे कोणाला दिसलं नाही.

संशय

यजमान माझे आकडे ग्रुपवर टाकत होते. एक दिवस ग्रुप चालवणाऱ्या माणसाचं उत्तर आलं की ताईंच्या पोटात काहीतरी जात आहे, घरच्यांनी लक्ष ठेवावं. खाली नमस्काराचं चित्र होतं.

यजमानांनी लक्ष ठेवायला सुरुवात केली. दुपारी ते दुकान नोकरावर सोडून अचानक घरी यायचे. अशाच एका दुपारी मी दाराआडून पदरानं तोंड पुसत बाहेर आले आणि ते समोर उभे होते.

काय खाल्लं, त्यांनी विचारलं. मी पाणी प्याले म्हणाले. पाणी चोरून कोण पितं, ते म्हणाले. पाणी चोरून मीच पीत होते, पण हे सांगितलं असतं तरी कोणाला खरं वाटलं असतं?

यानंतर सगळ्यात वाईट काय झालं असेल तर माझा माझ्यावरचाच विश्वास उडाला. बोटाला गूळ लागलेला असेल म्हणून मी तपासायच्या आधी हात घासून धुवायची. चहातलं दूध बंद केलं, मग चहा बंद केला. शेंगदाण्यानं होत असेल म्हणून शेंगदाणे सोडले. एकदा दोन दिवस नुसत्या मिठाच्या पाण्यावर काढले. तरी रात्री निजताना जो आकडा असायचा त्याहून सकाळी उठल्यावर जास्त. पोटात अन्नाचा कण नाही आणि साखर वाढते कशी? मी झोपेत उठून खाते की काय, असं माझ्या मनात यायला लागलं. सकाळी उठून मी डबे बघायची, गुळाची ढेप कोणी फोडली आहे का ते बघायची. वेड लागायची वेळ आली होती.

लिंगावर हात

आमच्यात इष्टलिंगाची पूजा असते. डाव्या तळहातावर लिंग घ्यायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा. ते तळहातावर असताना माणूस खोटं बोलत नाही. मला लहानपणापासून हेच शिकवलेलं.

त्या सकाळी मी पूजेला बसले होते. यजमान आले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले. त्यांच्या हातात मशीन होतं.

"लिंगावर हात ठेवून सांग, शिवकांता. काय खातीस तू?"

मी उजवा हात लिंगावर ठेवला. "काही बी खात न्हाई."

त्यांनी माझं बोट टोचलं. आकडा पावणेचारशेच्या आसपास होता. त्यांनी आकड्याकडं बघितलं, मग माझ्या तळहाताकडं बघितलं, आणि मशीन घेऊन उठून गेले.

दुपारी दुकानातून येताना त्यांनी कुलूप आणलं. साखर, गूळ, पूजाची बिस्किटं कपाटात ठेवली आणि किल्ली पूजाकडं दिली. ती पोर माझ्याकडं पाठ करून कपाट उघडायची. तिला माझ्याकडं बघवत नव्हतं आणि बापाला नाही म्हणवत नव्हतं.

लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. आमच्यात भांडणं झाली होती, अबोला झाला होता. पण मी लिंगावर हात ठेवून खोटं बोलले असं त्यांनी मानलं, तसं काही त्याआधी झालं नव्हतं.

लोह्याचा स्टँड

माझा भाऊ सिद्राम नांदेडला असतो. मी त्याच्याकडं चार दिवस जाऊन येते म्हणाले. दवाखान्यासाठी नव्हे. ज्या घरात माझ्या तोंडाकडं कोणी बघत नाही अशा घरात मला बसायचं होतं. यजमान जा म्हणाले.

बस अहमदपूरच्या पुढं गेली आणि पोटात कळ उठली. उलट्या सुरू झाल्या, पण बाहेर पडायला पोटात काही नव्हतं. खिडकीतून नुसती काळी रानं दिसत होती, कुठं हिरवं पातं नाही. मला धाप लागली. चालले नव्हते, चढले नव्हते, बसल्या जागी कुत्र्यासारखी धापत होते. लोह्याच्या स्टँडवर पाण्यासाठी खाली उतरले आणि तिथंच फरशीवर बसले, ते मला उठता येईना.

बसमध्ये माझ्या मागच्या बाकावर एक बुरख्यातली बाई होती, भावाकडं नांदेडला निघाले हे मी तिला सांगितलं होतं. ती खाली आली, माझं डोकं तिनं मांडीवर घेतलं. कंडक्टर म्हणत होता यांना इथंच दवाखान्यात सोडू. ती म्हणाली, अकेली बाई को छोडके कैसे जाते, भाऊ नांदेडला हाय न तिचा, तिकडंच घ्या. तिनं माझ्या फोनवरून सिद्रामला फोन लावला. पुढचं नांदेडपर्यंत मी तिच्या खांद्यावर होते. तिच्या अंगावर मी दोनदा उलटी केली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

आयसीयू

सिद्रामनं मला नांदेडच्या स्टँडवरून मोठ्या दवाखान्यात नेलं. नंतरचं मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. मनगटात खोल घुसवलेली सुई. त्या रक्ताच्या सुईइतकं बाळंतपणातही दुखलं नव्हतं. दोन्ही हातांना नळ्या. तासा-तासाला बोट टोचणारी नर्स. शेजारच्या पलंगावर एक म्हातारे गृहस्थ होते, ते सारखे कोणाला तरी हाका मारायचे. एका सकाळी तिथं नवी चादर अंथरलेली होती.

उलट्यांमुळं तोंडानं पाणी द्यायचं नव्हतं. नर्स ओल्या कापसानं ओठ पुसायची आणि मी तो कापूस चोखायला बघायची. मरणाची भीती वाटली का, असं लोक विचारतात. खरं सांगायचं तर वाटली नाही. मी मेले तर सगळे म्हणतील, ऐकलं नाही, लपवून खाल्लं आणि गेली, याची भीती वाटली.

डोकं जरा जागेवर आलं तेव्हा डॉक्टरबाई पलंगाशी येऊन उभ्या राहिल्या. तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्यांनी विचारलं, काय खात होतात तुम्ही?

सवयीनंच माझ्या तोंडून निघालं, "काहीच खात नव्हते हो. खरंच नव्हते."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "म्हणूनच इथवर आलात."

मी ढसाढसा रडले. मला शांत करायला त्यांना नर्सला बोलवावं लागलं.

यजमान आणि पूजा संध्याकाळी पोचले. डॉक्टरबाईंनी त्यांना माझ्या पलंगाशीच उभं केलं आणि समजावलं. ते मला जसं समजलं तसं लिहिते. साखर फक्त ताटातून येत नाही, आपलं लिव्हरही साखर बनवतं आणि रक्तात सोडतं. तिला आवर घालायला इन्सुलिन लागतं. यजमानांच्या अंगात इन्सुलिन आहे पण ते नीट चालत नव्हतं. पोट कमी झालं, भाकरी-भात सुटला, तसं ते चालायला लागलं. माझ्या अंगात इन्सुलिनच संपत आलं होतं. माझं शरीरच ते बनवणाऱ्या पेशी मारून टाकत होतं. लहान मुलांना होतो तोच हा आजार, मोठेपणी हळूहळू येतो, म्हणून ओळखू येत नाही. इन्सुलिन नसेल तर माणूस उपाशी राहिला तरी साखर वाढते, चरबी जळते आणि रक्त आंबट होत जातं. मी जितकी उपाशी राहत होते तितकी त्या आंबट रक्ताच्या जवळ जात होते.

यजमान म्हणाले, "मग हिनं काही खाल्लंच न्हवतं?"

"खाण्याचा प्रश्नच नव्हता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दोघांच्या आजाराचं नाव एक आहे, आजार एक नाही."

यजमान बाहेर गेले. पूजानं नंतर सांगितलं, ते खाली औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसून होते.

पुढं रक्त तपासायला बाहेरगावी पाठवलं. रिपोर्टही तेच सांगत आले.

आता

दिवसातून चार वेळा इन्सुलिन टोचते. हे आता जन्मभराचं. पायांना मुंग्या येतात, रात्री तळव्यांखाली वाळू असल्यासारखं वाटतं. वीज गेली की फ्रीजमधल्या औषधाचा घोर लागतो. आजार बरा झालेला नाही, तो फक्त ओळखीचा झाला आहे.

कधी साखर एकदम खालीही जाते. एकदा दुकानात गिऱ्हाईक असताना मला दरदरून घाम फुटला, समोरच्या घागरी दोन-दोन दिसायला लागल्या. यजमानांनी गल्ल्यातली साखरेची पुडी फोडून स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घातली. साखर माझ्या ओठांवरून साडीवर सांडत होती आणि ते म्हणत होते, खा, खा. गिऱ्हाईक बघत राहिलं.

माफी त्यांनी कधी मागितली नाही. एकदा सकाळी पूजेच्या वेळी जवळ येऊन बसले आणि म्हणाले, "त्या दिवशी तू लिंगावर हात ठेवलीस..."

मी मान हलवून हाव म्हणाले. तेवढंच. मी त्यांना माफ केलं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आम्ही सोबत जेवतो, सोबत दुकानात बसतो. ते माझं इन्सुलिन आठवणीनं आणतात. पण ती जागा दुखते ती दुखतेच.

देगलूरचा फोन

बरी झाल्यावर यजमानांच्या फोनवरून मी त्या ग्रुपवर सगळं लिहिलं. पथ्य वाईट नाही, यांना गुण आला, पण ज्याचं वजन घटत जातं आणि साखर उतरत नाही त्यानं उपाशी राहू नये, अंगात इन्सुलिन बनतं का ते तपासून घ्यावं, आणि उलट्या किंवा धाप सुरू झाली तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा. खाली माझा नंबर दिला. तासाभरात ते लिहिलेलं काढून टाकलं गेलं आणि यजमानांना ग्रुपमधून बाहेर केलं.

तेवढ्यात एका बाईनं ते वाचलं होतं. देगलूरची गंगामणी. तिचा फोन आला. तिच्या मराठीत तेलुगू मिसळलेलं, मला अक्का म्हणायची. वय माझ्याहून कमी, अंगानं काडी, साखर तीनशेच्या खाली येत नव्हती. तिच्या घरातही डबे माळ्यावर ठेवले होते. ती म्हणाली, "अक्का, मला वाटलं मी एकटीच हाय."

मी तिला नांदेडच्या डॉक्टरबाईंचा पत्ता दिला. दर दोन-चार दिवसांनी फोन करत राहिले. नवऱ्याला विचारते म्हणाली. मग नवरा म्हणतो आधी तोंड आवर, मग दवाखाना, असं म्हणाली. मी त्याच्याशी बोलते म्हणाले तर नको अक्का, मलाच मार पडेल म्हणाली. मग सिद्राम आणि मी गाडी करून जायचं ठरवलं. आदल्या दिवशी तिनं फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही उचलला नाही. तिचं घर देगलूरला कुठं, हे आम्हाला माहीत नव्हतं. तरी आम्ही गेलो, बाजारात, दवाखान्यात विचारत फिरलो आणि परत आलो.

महिन्याभरानं दुकानात बसले असताना तिच्या नंबरवरून फोन आला. मी घाईनं उचलला, गंगामणी म्हणाले. पलीकडं पुरुषाचा आवाज होता. तिचा नवरा बोलून राहिलो, म्हणाला. तिला उलट्या झाल्या, धाप लागली, निजामाबादला नेता नेता वाटेतच गेली. फोनमध्ये तुमचंच नाव सारखं होतं म्हणून लावला.

त्याच्या मागं कुठंतरी भांडी घासल्याचा आवाज येत होता. मग त्यानं विचारलं,

"अक्का, ती खरंच काही खात नव्हती का?"

यजमान समोर बसले होते. त्यांना पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडं बघून त्यांना समजलं असावं. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"नव्हती," मी म्हणाले.